भुलवणीची हाक

शेपटीशी बांधलेला दोरा सैल झाला होता. मलाकीनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि उघड्या बोटांनी दोऱ्याचे दोन वेढे घट्ट केले. टॅमरॅकच्या झाडाच्या काटक्यांचा, खऱ्या हंसांना भुलवायचा हा हंस त्यानंच गेल्या शरदात बांधलेला. मोळी बांधावी तसा आधी धड, मग मान, आणि शेवटी शेपटी — कारण शेपटीच्या गाठीवर सगळं पोट तोललेलं असतं. त्यानं तो वाऱ्याकडे तोंड करून ठेवला. असे चौदा. वितळत्या बर्फाच्या कडेला, उपसागराकडून येणाऱ्या रानहंसांना वरून दिसावेत असे — काही चरणारे, काही पहारा देणारे, आणि एक जोडी जराशी बाजूला, कारण खऱ्या थव्यात एखादी जोडी बाजूला असतेच.

स्प्रूसच्या फांद्यांच्या आडोशामागे लुइझा पांढरा अंगरखा घालून बसली होती. त्याची धाकटी बहीण. सव्वीस वर्षं दक्षिणेतल्या शहरात काढून या वसंतात परत आलेली.

"दादा, त्या डावीकडच्याचं बूड फार मोठं झालंय. आपल्या आत्यासारखं दिसतंय."

"आत्यापण लांबून बरीच दिसायची," तो आत शिरत म्हणाला.

ती हसली. थर्मासमधला चहा तिनं झाकणात ओतून दिला, सोबत तव्यावरच्या जाड रोटीचा तुकडा. मग म्हणाली, "थवा आला की हाक तूच मार. मला जमत नाही आता."

त्यानं रोटी चहात बुडवली. हंस बांधणारा म्हणून किनाऱ्यावरच्या तिन्ही वस्त्यांत त्याचं नाव होतं, पण हाक तो कधीच मारत नसे. डेझी होती तोवर कुणी विचारलंही नाही — नवरा हंस मांडतो, बायको साद घालते, छान जोडी, लोक म्हणायचे. डेझीला जाऊन दोन हिवाळे झाले. गेल्या वसंतात तो शिकारीला आलाच नव्हता. हाक येत नाही असं नाही… हाक येते. फार चांगली येते. तेच तर.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा ऑगस्ट होता. तो नऊ वर्षांचा, दूरच्या सरकारी निवासी शाळेचं एक वर्ष काढून उन्हाळ्यापुरता घरी आलेला, आणि ती सहाची. पोरांना शाळेत न्यायला पाण्यावर उतरणारं विमान परत आलं तेव्हा आई किनाऱ्यावर उभी होती, आणि यादीत दोन नावं असून पोर एकच हजर होतं. लुइझा विलोच्या झुडपांत कुठंतरी. विमानातून यादी घेऊन उतरलेला टोपीवाला माणूस चिडलाही नव्हता. त्यानं मलाकीच्या हातात एक संत्रं ठेवलं आणि वस्तीतल्या दुकानदाराला दुभाषा करून विचारलं — तुला ठाऊक असेल ना, ती कशी येते? ठाऊक होतं. सगळा उन्हाळाभर तोच खेळ चालला होता, यानं हंसाची हाक द्यायची, तिनं लपून उत्तर द्यायचं, आणि उत्तराच्या मागोमाग धावत बाहेर यायचं. त्यानं विमानाच्या दारात बसून दोन्ही हात तोंडाशी धरले… झुडपातून बारीक, थोडं फाटकं उत्तर आलं. मग ती आली. संत्रं दोघांनी विमानात वाटून खाल्लं. ते गोड होतं — एवढंच तो डेझीलासुद्धा कधी सांगू शकला नाही, की ते गोड होतं.

आणि त्याच्याही खालचं एक. मी हाक मारली ती त्या माणसानं सांगितलं म्हणून नव्हे. मला एकट्याला परत जायचं नव्हतं.

वारा थोडा वळला. दूर, उपसागरावर, एक बारीक रेघ हलू लागली.

"लुइझा," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. "त्या दिवशी, विमानाच्या… मी तुला फसवलं."

तिनं त्याच्याकडून झाकण घेऊन उरलेला चहा बर्फावर ओतला. "फसवलं कुठं? सहा वर्षांची होते, बहिरी नव्हते. विमान दिसत होतं मला झुडपातून. तूही दिसत होतास."

"मग आलीस का?"

"तू एकटा जाशील म्हणून."

हे वाक्य इतकं साधं होतं की ते ठेवायला त्याला आत कुठं जागाच सापडेना. त्रेचाळीस वर्षं माफीचे शब्द जुळवत, मोडत, पुन्हा बांधत आलेला माणूस — आणि समोर माफ करायला कुणी नाहीच.

"पण एक सांगू?" ती मांडीवरच्या बंदुकीकडे बघत म्हणाली. "ते नाही लागलं माझ्या मनाला, दुसरंच लागलं. शाळेत बोलू द्यायचे नाहीत, मुलं एकीकडे, मुली एकीकडे, ते कळत होतं. जेवणघरात तू दिसायचास. तेवढं पुरायचं. मग दुसऱ्या हिवाळ्यात तू जागा बदललीस. माझ्याकडे पाठ करून बसायला लागलास."

"मला तुझ्याकडे बघवत नव्हतं."

"असेल. मला काय माहीत? मला पाठच दिसायची."

रेघेचे आता पक्षी झाले होते, अकरा, बारा, आणि त्यांचे आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येत होते.

"मार ना हाक, दादा. जातील ते."

त्यानं हात तोंडाशी नेले आणि तसेच राहू दिले. तेव्हा तिनंच साद घातली — खरखरीत, मधेच चिरकणारी. पुढचा हंस कलला, त्याच्यामागून सगळा थवा कलला, आणि पंख आखडून ते खाली, काटक्यांच्या हंसांकडे झुकू लागले. तिनं बंदूक खांद्याला लावली.

मलाकीला जेवणघर आठवत होतं. लापशीचा वास, चुन्याची भिंत, भिंतीवरची ओल, समोरच्या पोराच्या कानामागचा व्रण, सगळं होतं. लुइझाचा सातव्या वर्षीचा चेहरा कसा होता, आठव्या, दहाव्या… त्यानं शोधून पाहिलं. भिंतच होती. थवा डोक्यावर आला होता, पंखांचा वारा फांद्यांवर लागत होता, आणि तो वर न बघता तिच्याकडे बघत राहिला. वाऱ्यानं लाल झालेलं नाक, एक डोळा मिटलेला, एकोणपन्नास वर्षांची एक बाई, जिला तो नीट ओळखत नव्हता.