देवाची भूक वाढली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी, चांदीची, एवढीशी नैवेद्याची वाटी आहे. चमचाभर साखर आणि वर तुळशीचं एक पान, एवढ्यात मी भरते. देवापुढे बसून बसून माझा स्वभाव शांत झाला आहे. कानाशी घंटा वाजली तरी मी दचकत नाही. पण एका चातुर्मासात मी जे पाहिलं, त्यानं मी अशी हबकले की तो धक्का अजून उतरलेला नाही. तीच कथा आज सांगते. मन एकाग्र करा आणि ऐका.

माझा जन्म कुडाळच्या एका सोनाराच्या ऐरणीवर झाला. मी जिच्या घरची, त्या रत्नप्रभाचे वडील हरिदास, म्हणजे कीर्तनकार होते. गावोगावच्या देवळांत त्यांची कीर्तनं होत. आरतीच्या तबकात कधीकाळी पडलेले चांदीचे जुने रुपये त्यांनी जपून ठेवले होते. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ते त्यांनी सोनारापुढे ओतले.

सोनार म्हणाला, "बुवा, एवढ्या चांदीत चांगलं मोठं वाडगं होईल."

"वाडगं नको. लहानशी वाटी कर, पण जाड कर. देव भावाचा भुकेला आहे बाबा, पोटाचा नव्हे."

सोनारानं मला तापवलं, ठोकलं, घासलं. दुखलं खूप. पण बुवांनी मला उजेडात धरलं आणि "वा, काय गोजिरी झाली!" म्हणाले, तेव्हा सगळं दुखणं विसरले मी.

रत्नप्रभाबरोबर मी मुलुंडला आले. चाळीतली दोन खोल्यांची जागा, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लाकडी देव्हारा आणि त्यात पितळेचा रांगता बाळकृष्ण. तिचा नवरा दशरथ आधी लालबागच्या गिरणीत होता. संपात गिरणी गेली, मग तो मुलुंडच्याच एका लहानशा कारखान्यात लागला. दिवस कसेही असोत, सकाळी माझ्यात चमचाभर साखर पडायची, भोवती पाणी फिरायचं, घंटा वाजायची, आणि मग सगळ्यांच्या तळहातावर चिमूट चिमूट प्रसाद. शेजारची शकु मूळची बुलढाण्याकडची, घरी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावणारी. तीही हात पुढे करायची. "देवाची म्हणून नाही हं ताई, तुमच्या हातची म्हणून घेते," म्हणायची. एवढ्याशा साखरेत किती जण गोड व्हायचे! मला माझा फार अभिमान वाटायचा.

रत्नप्रभाच्या गळ्यात वडिलांचा गळा उतरला होता. भजनी मंडळात ती कितीतरी वर्षं मागे बसून साथ करत आली होती. एके दिवशी देवळाचे अंबादास गुरव दारात आले आणि म्हणाले, "बाई, यंदा त्रिपुरी पौर्णिमेचं कीर्तन तुमचं. नाही म्हणू नका." ते गेल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला. वडिलांनंतर घरातलं कोणी नारदाच्या गादीवर उभं राहणार होतं!

उभं राहणार, इथेच तर सगळी अडचण होती. मित्रांनो, कीर्तनकार बसून कीर्तन करत नाही. एकदा गादीवर पाय ठेवला की आरतीपर्यंत उभं राहायचं. आणि रत्नप्रभाचे गुडघे तर जिन्याच्या चार पायऱ्यांत कुरकुरायचे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वजन उतरवा. साखर, गोडधोड बंद. नाहीतर कीर्तन राहू द्या, रेशनच्या रांगेतसुद्धा उभ्या राहू शकणार नाही."

गोड म्हणजे तिचा जीव की प्राण. म्हणून तिनं आपल्या घराण्याला शोभेल असा उपाय काढला. आषाढी एकादशीला तळहातावर पाणी घेऊन तिनं देवापुढे संकल्प सोडला, "देवा, हा चातुर्मास मी साखर सोडली." डॉक्टरांचं ऐकणंही झालं आणि नेमही झाला. माझ्या साक्षीनं झालं हे सगळं. मी मनात म्हटलं, शाब्बास!

पहिले दिवस फार वाईट गेले. बिनसाखरेचा चहा ती काढा प्यावा तसा प्यायची. सकाळ कशीबशी जायची, पण दुपारचे चार वाजले की तिचे पाय आपोआप साखरेच्या डब्याकडे वळायचे. डब्याचं झाकण ती नुसतं चाचपून परत यायची. चिडचिड व्हायची, डोकं दुखायचं. मला फार कळवळा यायचा.

मग एका सकाळी माझ्यातल्या चिमूटभर प्रसादावर तिची नजर ठरली. "प्रसादाला नाही म्हणू नये," ती पुटपुटली आणि तळहात चाटून पुसून साफ केला. खरंच आहे, प्रसाद का कोणी नाकारतं? दुसऱ्या दिवशी माझ्यात एकाऐवजी दोन चमचे पडले, तेही शिगोशीग. साखर माझ्या काठावरून पाटावर सांडली. मी चकित! आजवर असं झालं नव्हतं. पुढे साखरेच्या जागी पेढा आला, पेढ्याच्या जागी शिरा आला. शिरा माझ्यात मावेना. मग रत्नप्रभानं मला उचललं, बाजूच्या फळीवर ठेवलं आणि माझ्यात फुलवाती भरल्या. माझ्या जागी स्टीलचं भलंमोठं वाडगं येऊन बसलं!

माझा अपमान मी गिळला. पण मला प्रश्न पडला, देवाची भूक एकाएकी एवढी वाढली कशी? मी बाळकृष्णाकडे निरखून पाहिलं. तो होता तसाच, वीतभर, गुडघ्यावर रांगणारा. त्याच्या पोटाला काही वळ्या पडल्या नव्हत्या.

श्रावण लागला. आता नैवेद्य दोनदा होऊ लागला, आणि दुसरा नेमका दुपारी चारला. कारखान्यातून लवकर आलेला दशरथ दारात चपला काढत म्हणाला, "काय गो, देव पण आता चार वाजता नाष्टो करूक लागलो?"

"जिभेला हाड नाही तुमच्या! देवाची थट्टा करू नये."

"मी देवाची खंय करतंय?" तो हसत म्हणाला.

साखर महिनाअखेरीच्या आधीच संपायला लागली. रत्नप्रभा स्टीलची एक वाटी घेऊन शकुच्या दारात गेली. शकुनं साखर दिली, पण कमरेवर हात ठेवून विचारलं, "ताई, सोडली ना तुम्ही साखर?"

"माझ्यासाठी नाही गं. देवासाठी."

"अगं बाई! मग देवाचं नाव रेशनकार्डावर चढवा की! आमच्या कोट्यावर किती दिवस जेवणार तो?"

दोघी हसल्या. शकु हसता हसता मध्येच थांबली आणि रत्नप्रभाकडे बघत राहिली.

गणपती गेले, नवरात्र गेलं. रत्नप्रभा डॉक्टरांकडे जाऊन आली आणि देव्हाऱ्यापुढे मटकन खाली बसली. वजन उतरलं नव्हतं. वाढलं होतं!

"साखरेला शिवले नाही हो मी!" ती रडवेली होऊन म्हणाली. "चहा कडू पिते. चाळीतल्या बारशाला जिलबीकडे बघितलंसुद्धा नाही. मग असं कसं झालं?"

"काटोच बिघडललो आसतलो," दशरथ म्हणाला. तिच्या समाधानासाठी तो तिला स्टेशनावरच्या लाल दिव्यांच्या वजनकाट्यावर घेऊन गेला. तिकीट बाहेर आलं. वजन तेवढंच. आणि तिकिटाच्या मागे भविष्य छापलं होतं, 'आपण अत्यंत संयमी आहात.' घरी येऊन ते वाचून दाखवताना दशरथला हसू आवरेना. तिनं मात्र तिकीट त्याच्या हातातून हिसकावून घेतलं.

मी फळीवर थिजून गेले होते. कारण मित्रांनो, ती खोटं बोलत नव्हती! शिरा, पेढे, मोदक, सगळं ती खात होती, पण तिच्या मनात त्याची गणतीच नव्हती. ते देवाचं होतं. देवाचं खाल्लं तर वजन तिचं कसं वाढेल?

आता खरा धक्का ऐका. दिवाळीआधीची एक दुपार. रत्नप्रभा कीर्तनाची तालीम करत होती. आख्यान होतं देवाच्या तुलेचं. एका पारड्यात देव बसलेला, दुसऱ्यात सोनंनाणं रचून रचून सगळे दमले, तरी पारडं हलेना. शेवटी भक्तीनं ठेवलेल्या एका तुळशीच्या पानानं ते झुकलं. तेच गुणगुणत ती देव्हाऱ्याशी आली. एका हातात शिऱ्याचं वाडगं, दुसऱ्या हातात नुकतंच खुडलेलं तुळशीचं पान. वाडगं पाटावर ठेवलं. तुपाचा, वेलचीचा वास सुटला होता. घड्याळात चार वाजायचे होते.

आता ती पान ठेवील, पाणी फिरवील, घंटा वाजवील, म्हणून मी वाट पाहत होते. ती ओणवी झाली. तिची बोटं शिऱ्यात गेली. एक घास तोंडात गेला. मग दुसरा. मग तिसरा. कधी पाहिलं नव्हतं असं ती खात होती, भराभर, डोळे मिटून. बाळकृष्ण समोर रांगत होता आणि त्याच्या पुढचं वाडगं रिकामं होत होतं! माझ्या अंगावर काटा आला. मला ओरडावंसं वाटलं, अगं, पान! पान राहिलं!

तेवढ्यात दशरथ आला. हातपाय धुऊन त्यानं नेहमीसारखा तळहात पुढे केला. "दी बघया परसाद."

रत्नप्रभाचा हात वाडग्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तिनं आपल्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं. मूठ उघडली. तुळशीचं पान तिथेच होतं, चुरगळलेलं. घंटा आपल्या जागी होती. पळीतलं पाणी तसंच होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झाला गो?"

"हा प्रसाद नाही हो," ती कशीबशी म्हणाली. तिच्या तोंडात अजून घास होता. "हा नुसता शिरा आहे."

दशरथचा हात तसाच पुढे राहिला.

"आणि आजचाच नाही," ती म्हणाली. "आषाढापासून सगळा नुसता शिराच होता. देवाला भूक लागली म्हणत होते मी. लाज नाही वाटली मला. त्याच्या नावावर जेवले, आणि आज तर त्याच्या आधी जेवले. कुठल्या तोंडानं उभी राहू मी नारदाच्या गादीवर?"

तिचं रडणं ऐकून शकु धावत आली. सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याजवळ फरशीवरच बसली.

"ताई, मला तुमच्या देवाचं फारसं कळत नाही. पण एवढ्या वर्षांत त्यानं तुम्हांला घास मोजून दाखवला का कधी? नाही ना? मग आज तरी कशाला रागावेल? उठा. तोंड धुवा."

"अगं, पण उद्या चार वाजले की परत..."

"चार वाजले की मला हाक मारा. साखर मागू नका, नुसती हाक मारा. मी शिवण घेऊन येते. तुम्ही उभ्या राहून कीर्तन म्हणायचं, मी ऐकायचं. आणि हा शिरा मी नेते. माझी पोरं त्याला शिराच म्हणून खातील."

रत्नप्रभा उठली. तिनं फळीवरून मला खाली घेतलं, माझ्यातल्या वाती काढल्या आणि रांगोळीनं मला खसखसून घासलं. माझ्यावरचा काळा थर निघाला. मग तिनं माझ्यात चिमूटभर साखर घातली, तुळशीचं नवं पान ठेवलं, पाणी फिरवलं, घंटा वाजवली आणि हात जोडून खूप वेळ बसली. त्या दिवशी तिनं प्रसाद सगळ्यांना दिला, स्वतः मात्र घेतला नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून तिची गोडाची ओढ पळून गेली, असं मी सांगणार नाही. देवापुढे खोटं कशाला बोलू? चार वाजले की तिचं तोंड अजून सुकायचं. एकदा तर डब्याचं झाकण उघडून ती हाताला घाम येईपर्यंत उभी होती. पण मग ती खिडकीतून हाक मारायची, "शकु गं!" आणि शकु मशीनवरचं काम उचलून यायची. मूठभर फुटाणे दोघींत वाटले जायचे. रत्नप्रभा उभी राहायची, हातात झांज घ्यायची आणि तुलेचं आख्यान म्हणायची. आधी थोडा वेळ, मग जास्त. शकुला ते इतकं पाठ झालं की रत्नप्रभा अडखळली की तीच पुढची ओळ सांगायची.

त्रिपुरी पौर्णिमेला देऊळ पणत्यांनी उजळलं होतं. रत्नप्रभानं मला पदराखाली झाकून तिथे नेलं होतं. वजन उतरलं होतं, पण थोडंच. डॉक्टर म्हणाले होते, "वाट बरोबर आहे, चालत राहा." पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा पहिला भाग, छान झाला. मध्यंतरात तिला हार घातला, बुक्का लावला. उत्तररंगात, आख्यान सांगताना, मात्र तिचा गुडघा थरथरू लागला. पुढच्या रांगेत बसलेल्या दशरथनं घडीची खुर्ची हळूच पुढे सरकवली. आता बसते की काय?

तिनं खुर्चीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. मग तिनं हाताचा तळवा उघडून असा पुढे केला, जणू त्यात ते पान आहे. आणि ती पारडं झुकल्याची ओळ म्हणाली. मित्रांनो, तो आवाज! मी तिच्या वडिलांचा ऐकला होता. तोच होता तो. ती आरतीपर्यंत उभी राहिली.

मग प्रसादाची वेळ झाली. तिनं मला चौरंगावर पुढे केलं. अंबादास गुरव मला पाहून चक्रावलेच.

"अहो बाई, एवढ्या माणसांना ही एवढीशी वाटी? कसा पुरायचा प्रसाद?"

रत्नप्रभा घामानं निथळत होती, पण हसली. "प्रसाद पुरतो हो. पुरत नाही, तो नुसता शिरा."

आणि पुरला! दाणा दाणा वाटला गेला. दशरथला मिळाला, शकुला मिळाला. शेवटी माझ्या तळाशी एकच दाणा राहिला. तो तिनं जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. चार महिन्यांत प्रथमच मी तिला प्रसाद खाताना पाहिलं.

म्हणून मित्रांनो, या म्हाताऱ्या वाटीची एवढीच विनवणी आहे. गोड खावंसं वाटलं तर खा, पण आपली भूक दुसऱ्याच्या नावावर चढवू नका. देवाच्या तर नाहीच नाही. मोह झाला तर लपवू नका, शेजारी हाक मारा. आणि तुमच्या देव्हाऱ्यात माझ्यासारखी एखादी लहान वाटी असेल, तर तिला फळीवर टाकू नका. ती लहान आहे, ती लहानच राहू द्या.