डाव्या बाजूचं स्टेअरिंग

सूर्यभान भिंगारदिव्याच्या गळ्यात आयुष्यात एकदाच हार पडला, आणि तोही चुकून.

एकाहत्तर साल. साखर कारखान्याच्या चेअरमननं मुंबईच्या लिलावातून कुठल्याशा परदेशी वकिलातीची गाडी उचलून आणली होती. डॉज चार्जर, अमेरिकन. काळीभोर, लांबलचक, जमिनीला पोट टेकून दबा धरलेल्या जनावरासारखी. दारं दोनच. आठ सिलिंडरचं इंजिन सुरू झालं की बंगल्याची तावदानं थरथरायची. आणि स्टेअरिंग डाव्या बाजूला. चेअरमनचे दोन्ही जुने ड्रायव्हर त्या उलट्या स्टेअरिंगला घाबरले. सूर्यभान नुकताच लष्करातून सुटून आलेला. तिथं तसले ट्रक त्यानं हाकले होते. चेअरमनला त्याची जात चालत नव्हती, पण गाडी तर चालवायची होती. सूर्यभानला नोकरी लागली.

पहिलाच दौरा. गाव वेशीत जमलेलं, बँडवाले तयार. आता रीत अशी की ड्रायव्हर उजवीकडे आणि साहेब त्याच्या शेजारी, डावीकडे. गाडी थांबली तसा गावचा पाटील झेंडूचा हार घेऊन डाव्या खिडकीशी धावला, कमरेत वाकला आणि आत बसलेल्या माणसाच्या गळ्यात हार घालून मोकळा झाला. बँड सुरू झाला. एक बाई निरांजन घेऊन पुढं आली. सूर्यभानच्या नाकाशी झेंडूचा वास आला आणि त्याला वाटलं, असंच असतं तर.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आरं, त्यो डायवर हाय! भिंगारदिव्याचा!"

पाटलानं दोन बोटांच्या चिमटीत हार काढला, मेलेला उंदीर उचलावा तसा, आणि गटारात टाकला. तो हार चेअरमनला घालणार कसा? दुसरा हार आणायला माणूस पळाला. तोवर चेअरमन गाडीत बसून घड्याळ बघत राहिला. सूर्यभानकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

दौरा संपल्यावर चेअरमननं ॲम्बेसिडर घेतली. चार दारांची, उजव्या स्टेअरिंगची. साहेब कोण आणि नोकर कोण, हे लांबून कळणारी. चार्जर कुठल्याशा पुतण्याकडे गेली आणि नाहीशी झाली. सूर्यभान एस.टी.त लागला. नगर-पाथर्डी, नगर-कर्जत. खड्डे, पिशव्या, उलट्या, सुट्ट्या पैशांची भांडणं, सगळं मागं घेऊन त्यानं जन्म काढला. पण डोक्यातून ती गाडी गेली नाही. अपमान तर काय, रोजचाच होता. त्याला आठवायचा तो हार पडल्यापासून ओरडा होईपर्यंतचा वेळ. तेवढ्यापुरता तो साहेब होता, आणि ते त्या गाडीनं केलं होतं. दुसऱ्या कुणीच केलं नव्हतं.

रिटायर झाला आणि त्यानं बायकोला, रतनबाईला, सांगून टाकलं. "ती गाडी हुडकनार. चालू करनार. त्या गावात जानार. चावडीपुढं डाव्या दारानं उतरनार. बास."

रतनबाई भाकरी थापत होती. "ती गाडी तुमची कवा हुती वो? दुसऱ्याच्या घोड्याची लीद काढनाऱ्यानं घोडा माझा म्हनायचं व्हय?"

"तुला न्हाई कळायचं."

"मलाच कळतंय. त्या गावाला तुमचं नावबी याद नसंल."

खरं तर तिचंच बरोबर होतं. पण खरं बोलणाऱ्या बायकोचं कुणी ऐकलंय?

त्यानं गॅरेजं पालथी घातली. भिंगारच्या भंगारवाल्यांना विचारलं. कुणी म्हणायचं, अमेरिकन ना, मग इम्पाला असंल. एकजण म्हणाला, "चार्जर? बॅटरीचा का?" पडद्यावर नट ज्या गाड्यांतून उतरायचे त्याच लोकांना आठवत होत्या. ही दोन दारांची, ढोल्या इंजिनाची, पेट्रोल पिणारी गाडी कुणाच्याच खिजगणतीत नव्हती.

शेवटी कर्जतकडच्या एका पोल्ट्रीत ती सापडली. शेडच्या मागं, दगडांवर टेकवलेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बॉनेटवर शेणी वाळत होत्या. पोल्ट्रीवाला म्हणाला, "न्या की. भंगारवाल्यानंबी नको म्हनलं. म्हनला, पत्रा लई जाड हाय, कापायला गॅस परवडत न्हाई."

सूर्यभाननं शेणी बाजूला केल्या. धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं गाडीचं. पुढचे दिवे जाळीच्या पडद्यामागं झाकलेले, झोपलेल्या डोळ्यांसारखे. काळा रंग खाली अजून जिवंत होता. मागची काच छपरापासून डिकीपर्यंत कशी घसरत जायची, ते त्यानं हात फिरवून बघितलं. वीस-बावीस वर्षं हा जिन्नस इथं पडून होता आणि एका माणसाला त्याच्याकडे नीट बघावंसं वाटलं नव्हतं. गावं अशीच असतात. जे चार माणसांना चढून बसता येत नाही, ते भंगार. तो आत शिरला, कोंबड्यांच्या घाणीत बसला, डाव्या बाजूचं स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि हमसून रडला. पोल्ट्रीवाला ओशाळून तिकडं निघून गेला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवून त्यानं गाडी आपल्या गल्लीत आणली. इंजिन जाम होतं. सिलिंडरमध्ये डिझेल ओतून महिनाभर भिजत ठेवलं. उंदरांनी खाल्लेली वायर बदलली. टाकीऐवजी कॅन लावला. गळती निघाली, पुन्हा निघाली, बंद झाली. सगळं जमलं, एक गोष्ट सोडून. गाडीला मागची दोन चाकं जोडणारा आसच नव्हता.

"त्यो पाथर्डीच्या लोहारानं नेला," पोल्ट्रीवाल्यानं सांगितलं. "ऊसतोडीच्या बैलगाडीला. असला आस मिळतो कुठं?"

पाथर्डीकडच्या एका वस्तीवर गोजरबाई भेटली. नवरा मेलेला. लेक छबू आणि जावई गोरक्षनाथ, असं मिळून ऊस तोडणारं त्यांचं कोयता-जोडपं. म्हातारी बैलं राखायची, मोळ्या बांधायची. दिवाळी तोंडावर होती, कारखान्याला निघायची तयारी चाललेली. गाडी अंगणात उभी होती आणि तिच्या पोटाखाली, मधल्या लोखंडी गोळ्यासकट, चार्जरचा आस.

"ह्यो आस म्हंजी आमची लक्ष्मी हाय, दादा," गोजरबाई म्हणाली. "बाकीच्यांच्या गाड्या दुसऱ्या दोरीपस्तोर भरत्यात. आमी चौथ्या दोरीपस्तोर भरतो. एका खेपंत दोघांचं काम."

तिथं मापच तसं होतं. गाडीला चार उभे खुंट, खुंटांवर दोऱ्या. कुणाची गाडी किती भार पेलते हे कुणी वजनावर मोजत नव्हतं. मोजायचं ते दोरीवर. एकदा दोरी ठरली की ठरली.

"मी तुमाला ॲम्बेसिडरचा आस देतो," सूर्यभान म्हणाला. "वर दोन नव्या टायरी. लोहाराची मजुरी माझी."

"एवढाच भार घेईल का त्यो?"

सूर्यभाननं त्या लोखंडाकडे बघितलं. तीस वर्षं गाड्या हाकलेला माणूस. त्याला ठाऊक होतं की तो आस याच्या निम्माही नव्हता. दोन दोऱ्या, त्याही जपून. पण दोन दोऱ्या म्हटलं असतं तर तिनं आस दिलाच नसता.

"घेतोय की. लोखंड ते लोखंड."

खोटं बोलला. ह्यात दुसरं काही शोधू नका.

त्यानं बरोबर आणलेला आस आणि टायरी टेम्पोतून खाली उतरवल्या. गोजरबाईनं नव्या टायरींवरून हात फिरवला. जावयानं आणलेला आस उचलून बघितला, सासूकडे बघितलं. तिनं मान फिरवली. मग म्हणाली, "बरं. पन गाडी चालू झाली की मला एकदा बसवायचं. आमच्या आसाची गाडी कशी पळती बघू दे."

"कारखान्यावर तुमच्या अड्ड्यावर घिऊन येतो, बाई. शबूद."

संक्रांत उलटल्यावर गाडी आपल्या चाकांवर उभी राहिली. चावी फिरवली. एकदा खाकरली, दोनदा, मग आठही सिलिंडर एका दमात बोलले आणि शेजारच्यांची कुत्री गल्ली सोडून पळाली. रतनबाई दारात आली, पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "बसतीस का?" त्यानं विचारलं.

"आदी त्या बाईला बसवा. शबूद दिलाय न्हवं? मग जावा तुमच्या गावाला."

त्या गावाला उद्या जायचं होतं, बाजाराच्या दिवशी, चावडी भरलेली असताना. आज कारखाना. तो निघाला. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग होती. सगळे माना वळवून बघत होते. पोरं मागं धावत होती. कॅनॉलच्या पुलापाशी रांग तुटलेली दिसली, गर्दी दिसली. त्याला वाटलं, नेहमीसारखं भांडण असेल.

पुलाच्या उतरणीला गोजरबाईची गाडी आडवी पडली होती. आस मधोमध मोडलेला. नवी कोरी टायर आभाळाकडे तोंड करून पडली होती. उसाचा ढीग चौथ्या दोरीचा होता, ते कुणी सांगायला नको होतं. एक बैल अडकून घरघरत होता. ऊस उपसून लोकांनी गोरक्षनाथला नुकतंच बाहेर काढलं होतं. वरून जखम दिसत नव्हती. पण ओठ निळे पडले होते आणि छबू त्याचं डोकं मांडीवर घेऊन नुसती "आवो, आवो" करत होती.

"दादा!" गोजरबाई ओरडली. "देवानं धाडलं तुमाला. नगरला न्या!"

मागं निजवायला जमेना. दोन दारांच्या गाडीत मोडलेला माणूस मागं जात नाही. उजवीकडच्या पुढच्या सीटवर त्याला टेकवला, दोरीनं सैल बांधला. मायलेकी मागं शिरल्या.

पहिला रस्ता खडीचा होता. सूर्यभाननं जपून घेतला, प्रत्येक खड्ड्याला गोरक्षनाथ कण्हत होता. मग डांबरी लागली. मोकळी, सरळ. सूर्यभाननं पाय दाबला.

आणि गाडी उठली. दुसरा शब्द नाही. नाक किंचित वर आलं, पाठ सीटला चिकटली, दोन्ही बाजूंच्या बाभळी एक झाल्या. ट्रक मागं पडले, एस.टी. मागं पडली. एकाहत्तर साली चेअरमननं कधी पळवू दिली नव्हती. म्हणायचा, पेट्रोल काय तुझ्या बापाचं आहे? आज अडवणारं कुणी नव्हतं. उलट मागून म्हातारी म्हणत होती, "पळवा, दादा, पळवा." हातातलं चाक लोण्यासारखं फिरत होतं. आयुष्यभर जी गाडी मनात पळत होती, ती आज खरी पळत होती, आणि तीही एका पुण्याच्या कामाला. शेजारचं कण्हणं थांबलं. त्याला वाटलं, डोळा लागला असेल, बरं झालं.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरनं मनगट धरलं, डोळ्यात बॅटरी मारली आणि मायलेकींना आत घेतलं. सूर्यभान बाहेर थांबला. गाडीभोवती गर्दी जमली होती. पेशंटांचे नातेवाईक, रिक्षावाले, डबे घेऊन आलेली माणसं. कुणी काचेला नाक लावून आत बघत होतं. एकानं विचारलं, "काका, ॲव्हरेज किती देती?"

"चार," सूर्यभान म्हणाला. "हायवेला पाच."

"कुठली हो?"

"अमेरिकन." आणि त्यानं बॉनेटवरची धूळ बाहीनं पुसली. आतून छबूची किंकाळी आली तेव्हा बाही बॉनेटवरच होती.

बऱ्याच वेळानं गोजरबाई बाहेर आली. डोळे कोरडे. गर्दी आपोआप बाजूला झाली.

"वाटंतच गेलाय, म्हनला दागदर."

सूर्यभान पुढं झाला. "बाई, त्या आसाचं... मी तुमाला खोटं..."

"ठावं हाय मला." तिचा आवाज चढलाही नाही. "गोरखनं उचलून बघितला तवाच त्यानं माझ्याकडं बघितलं. हलका हुता. मी मान फिरवली. टायरीला भुलले. चौथ्या दोरीपस्तोर भर, मीच म्हनायची रोज. त्ये माझं मी बघीन."

ती गाडीकडे बघत होती. मग त्याच्याकडे.

"पन रस्त्यानं तुमी हसत हुता, दादा. आरशात दिसत हुतं. माझा जावई शेजारी मरत हुता आन् तुमी हसत हुता."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण तो हसला होता. 

"मी मयत गावाला पोचवतो," तो शेवटी म्हणाला. "आत्ता."

"ह्या गाडीत न्हाई." तिनं पदर खोचला. "टेम्पो बघा जावा."

तो स्टँडकडे चालत गेला. टेम्पोवाला चहा पीत होता. कुठं जायचं, किती जण, सगळं विचारून झाल्यावर त्यानं कप खाली ठेवला. "मयत कुनाचं? तुमच्या घरातलं का?"

सूर्यभाननं टेम्पोचं डावीकडचं पुढचं दार उघडलं होतं, साहेबाच्या बाजूचं. ते त्यानं पुन्हा लावलं आणि मागं फळीवर जाऊन बसला.