पेनफोल्डसाहेबांचा हार

साउथहॅम्प्टनजवळच्या खेड्यात आम्ही चर्चने विकलेलं पाद्र्याचं जुनं घर घेतलं. घरासोबत आईने पूर्वजही पदरात पाडून घेतले.

माळ्यावर एका तरुण पाद्र्याचा काळा-पांढरा फोटो सापडला. मागे नाव : रेव्हरंड ऑब्री पेनफोल्ड.

“वास्तूचे मूळ पुरुष हे,” आई म्हणाली. “असे जाळ्यांत ठेवतात?”

काळा-पांढरा म्हणजे गेलेलाच, हा आमचा सरळ हिशोब. फोटो दिवाणखान्यात माझ्या आजोबांशेजारी लागला, वर चंदनाचा हार. पुण्याला व्हिडिओ कॉल झाला की आई ‘आमचे पेनफोल्ड’ दाखवायची. मीही अडवलं नाही. आमच्या घराण्यात आमच्याखेरीज अभिमान बाळगावा असं फारसं कोणी नाही.

एका शनिवारी चर्चमधून फोन आला. पेनफोल्डसाहेबांना जन्मघर एकदा शेवटचं पाहायचंय. निघालेतच; चहाला येऊ देत का?

“म्हणजे जिवंत आहेत?” माझी बायको नीना म्हणाली. ती डॉक्टर आहे. “आई, तो हार काढा आधी!”

“घातलेला हार ओरबाडायचा? अपशकुन होईल त्यांना.”

“आणि घातला तेव्हा काय झालं?”

तेवढ्यात बेल वाजली.

म्हातारबुवा काठी टेकत थेट फोटोपुढे थांबले. “हा हार कशाबद्दल?”

“आदराबद्दल,” मी म्हणालो.

“मेल्यावर घालतात,” नीना म्हणाली. पेशंटपासून ती काही लपवत नाही.

त्यांनी हाराला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, “आजोबा, वडील, मी, तिघंही पाद्री. घरं प्रशस्त, पण सगळी चर्चची. नवा पाद्री यायचा म्हणून फोटो उतरवायचे, खिळ्यांची भोकं बुजवायची. आमच्यातलं कोणी कुठल्याच भिंतीवर राहिलं नाही.”

मी आईला मराठीत सांगितलं. आई उठली, फोटोवरचा हार काढला आणि सरळ त्यांच्या गळ्यात घातला.

“सांग त्यांना, जिवंत माणसाच्या गळ्यात घातला की तो सत्कार असतो. आणि फोटो इथेच राहणार. आमच्या घरात माणसं उतरवत नाहीत.”

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि ताठ उभे राहिले. हार घालूनच घरभर हिंडले, बेसनाचे दोन लाडूही खाल्ले.

निघताना त्यांनी तो जपून काढला आणि फोटोशेजारच्या खिळ्याला अडकवला.

“इथेच असू दे,” ते म्हणाले. “लवकरच लागेल. तेव्हा शोधाशोध नको.”