डाव्या स्पीकरची खरखर

"आधी खोट सांगायची, मग वाजवून दाखवायचं, आणि मगच भावाचं बोलायचं. उलटं कधी करू नकोस."

नवऱ्याचे हे शब्द मनात घोळवत ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या तारा सोडवत होती. या पुढच्या खोलीत बसून त्याने चाळीस वर्षं लोकांचे सेट दुरुस्त केले. गेल्या वर्षी तो गेला, आणि छपराची गळती थांबवायला आता त्याचा स्वतःचाच सेट विकायला काढावा लागला. दारात टेम्पोवाला दोरी घेऊन उभा होता. फोनवर घेणारा होता. जाहिरात पडल्यावर तासाभरात त्याने सौदा पक्का केला होता.

"काकू, मेसेज आला ना? पैसे जमा."

मेसेज आला होता. पण चाळीस हजारांऐवजी साठ.

"घाईत वीस जास्त गेले बघा. तेवढे परत टाका आणि सेट टेम्पोत चढवा. माणूस खोळंबलाय."

"टाकते हो. पण एक सांगायचं राहिलं. डाव्या स्पीकरला खरखर आहे, आवाज अर्ध्यावर नेला की येते. ऐकवू का?"

"चालेल हो काकू. ऐकवायचं काही नको."

तिचा हात तारेवरच थांबला. खरखर ऐकून याच खोलीत लोकांनी नाकं मुरडली होती, भाव पाडले होते. एक जण तर अर्धा चहा टाकून तणतणत निघून गेला होता. 'चालेल' मात्र कधी कुणाच्या तोंडून आलं नव्हतं.

"उजवा तर बंदच आहे," ती हळूच म्हणाली. उजवा ठणठणीत होता.

"असू दे हो! तुम्ही आधी वीस टाका."

तिने बँकेचं खातं उघडून पाहिलं. सकाळी होती तेवढीच शिल्लक. मेसेज बँकेचा नव्हताच, कुठल्याशा साध्या मोबाइल नंबरवरून आलेला.

"पैसे आलेले नाहीत. खात्यात दिसल्याशिवाय सेट जागचा हलायचा नाही."

पलीकडून तोच आवाज आला, पण त्यातली 'काकू' गळून पडली होती.

"जाहिरातीच्या फोटोत दार दिसतंय तुझं. जाळीचं. कडी सैल आहे."

फोन बंद झाला. तिने वळून दाराच्या कडीकडे पाहिलं.

टेम्पोवाला ओशाळून म्हणाला, "मला यातलं काही ठाऊक नाही, मावशी. माझं भाडंसुद्धा दुसऱ्या घरी मिळेल म्हणाले."

"दुसऱ्या?"

त्याने पत्ता दाखवला. मागच्या गल्लीतले निवृत्त मास्तर. एकटा जीव, पेन्शनीवर चाललेला. त्यांच्या टेपरेकॉर्डरची जाहिरात तिनेच टाकून दिली होती, आणि वर सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाचा फोन आला की हाक मारा. मी येऊन बसेन तुमच्याजवळ." पण मास्तर भिडस्त. हाक मारायचे नाहीत, आणि कुणी 'चुकून जास्त गेले' म्हटलं, तर जिवाला लावून घेऊन लगेच परत करायचे.

तिने त्यांचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्तच.

"गाडीने सोडू का?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"गल्लीत शिरायची नाही तुमची गाडी."

मोकळ्या तारांसकट सेट तसाच जमिनीवर पडला होता. तिने चप्पल पायात सरकवली, जाळीचं दार नुसतं ओढून घेतलं आणि फोन कानाला धरून झपाझप मागच्या गल्लीकडे निघाली.