उंचीचं औषध

धाकट्या जावेला रोपवाटिकेत कामाला लावलं ते थोरलीनेच, आणि आता त्याबद्दल ती मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती. बारा वर्षं हिने रोपं वाढवली, आणि आठ महिन्यांत मालक "धाकटीला विचारा" म्हणायला लागले. पोटात दुखणार नाही तर काय होणार?

त्यातच रोपघराची प्रमुख नेमायची होती. मालकांनी दोघींना टोमॅटोच्या रोपांवर दोन कृत्रिम संप्रेरकं तपासायला दिली. थोरलीकडे मुळं वाढवणारं, धाकटीकडे उंची वाढवणारं. तिसरा ट्रे नुसत्या पाण्यावर. फवारणी आठवड्यातून एकदाच. जिची रोपं सरस, ती प्रमुख.

दहा दिवसांत धाकटीची रोपं वीतभर झाली. थोरलीची साध्या पाण्यावरच्या रोपांएवढीच. मुळं मातीखाली, ती कुणाला दिसणार? येणारा-जाणारा धाकटीच्या ट्रेपाशी थांबून "वा!" म्हणायचा आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

अकराव्या दिवशी सगळे जेवायला गेले, तेव्हा तिने धाकटीचीच बाटली उघडून धाकटीच्याच ट्रेवर चौपट मात्रा मारली. वाढा म्हणावं, किती वाढायचं ते!

वाढली की. चार दिवसांत रोपं सुतळीसारखी लांबली आणि आडवी झाली. मालकांनी बाटली उचलली. औषध काढलं की पातळीपाशी रेघ मारायची, ही तिथली शिस्त. औषध शेवटच्या रेघेच्या चांगलं दोन बोटं खाली होतं.

"माझ्याच हातून जास्त गेलं," धाकटी म्हणाली. "रेघही मारायची राहिली."

मालकांनी रोपघराच्या किल्ल्या थोरलीला दिल्या. नळावर ट्रे धुताना तिने विचारलंच, "खोटं का बोललीस गं?"

"मला इथे तुम्ही आणलंत, ताई. तुमची नोकरी गेली असती. रोपं काय, पुन्हा लावू."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती माफी मागणार, एवढ्यात मालक आले ते थेट धाकटीपाशी.

"चूक कबूल करायला धमक लागते, पोरी. अशी माणसं हवीत मला!"

आसपासच्या चौघांनी माना डोलावल्या. थोरलीचं उघडलेलं तोंड मिटलं. किल्ल्या कमरेला खोचून ती ट्रे खसाखसा घासू लागली. एवढी मोठी चूक केली थोरलीने, आणि त्या चुकीवरही नाव कमावलं ते धाकटीनेच.