ढब्ब्याची हाक

ढब्ब्या बोका सकाळपासून बेपत्ता होता आणि भाचरांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. मावशी पोटासाठी लोकांना गाडी चालवायला शिकवायची. "चला, गाडीतून शोधू," म्हणत तिने दोघांना मागे बसवलं आणि काचा खाली केल्या.

शाळेच्या भिंतीपाशी गाडी बंद केली, तर बारीक म्यांव ऐकू आलं. झुडपं पालथी घातली, पण बोका नव्हता. पाण्याच्या टाकीपाशीही तेच झालं.

"आपल्या मागे मागे येतोय तो," धाकटा खुशीत म्हणाला.

बाजाराच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच म्यांव आलं, आणि मावशीचा हात किल्लीवरच थांबला. जाऊ तिथे बोका कसा असेल? गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, थंडीत मांजरं आत शिरतात, हे ती प्रत्येक शिकाऊला दटावून सांगायची. आज घाईत तीच विसरली होती.

तेवढ्यात आवाज थांबला.

"मावशी, गाडी काढ ना, पुढे बघू," थोरली म्हणाली.

"कोणी खाली उतरायचं नाही."

तिने बॉनेट उघडलं. गरम हवा तोंडावर आली. इंजिनाच्या पट्ट्यामागे करडी शेपटी लोंबत होती, हलत नव्हती. तिने हात आत घातला. केस तापले होते.

मग बोटावर सणसणीत ओरखडा उठला.

"मावशी, रडतेस का?" धाकट्याने खिडकीतून विचारलं.

"ओरबाडलं मेल्याने," ती म्हणाली, आणि बोट तसंच त्याच्या नखांत राहू दिलं.