जपलेले हात

घरी तपासायला आलेल्या सिस्टरने माकडहाडाजवळच्या लाल झालेल्या जागेवर बोट दाबलं, उचललं आणि थोडी वाट पाहिली. मग पुन्हा दाबलं. बोट उचलल्यावर तिथली कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी होती, ती पडली नाही. लाल ती लालच राहिली. पारखी पलंगाच्या पायथ्याशी तेलाची वाटी धरून उभा होता.

"हे कोण चोळतंय?" सिस्टरने विचारलं.

"मीच," पारखी म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षाही होती. "रोज संध्याकाळी. रक्त खेळतं राहावं म्हणून."

सिस्टरने हातमोजे काढले, त्याच्या हातातली वाटी घेऊन कपाटावर ठेवली आणि मगच म्हणाली, "काका, यापुढे या जागेला हातसुद्धा लावायचा नाही."

बायको भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजली होती. पाठीमागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं आणि कळतही नव्हतं. भिंतीलाच सांगितल्यासारखी ती म्हणाली, "सिस्टर, यांना हात लावू नका म्हणताय? माशाला पोहू नको म्हणा त्यापेक्षा." एरवी या बाईच्या बोलण्यावर खो खो हसणारी सिस्टर या वेळी हसली नाही.

पारखी हे त्याचं नाव नव्हे. चामड्याच्या कारखान्यात तो कच्च्या कातड्यांची प्रत ठरवायचा, म्हणून सगळे त्याला पारखी म्हणत आणि पुढे गल्लीतही तेच रूढ झालं. मिठात घालून आलेली कातडी लांबलचक टेबलावर पसरत, तो तिच्यावरून एकदाच तळवा फिरवी आणि पहिली, दुसरी किंवा तिसरी एवढंच बोले. तेवढ्यावर माल वेगवेगळ्या ढिगांत जाई. जनावर मुकं असतं पण त्याची कातडी मोठी बडबडी, असं तो म्हणायचा. गोचीड कुठे बसली होती, काटेरी तार कुठे लागली, मान कुठल्या खांबाला घासत होतं, कोणत्या वर्षी उपाशी राहिलं, सगळं ती सांगून टाकते. पाठीवर ती जाड आणि घट्ट, पोटाकडे सैल, कारण पोट फुगतं आणि ओसरतं. पावसाला बाहेर ठेवते, रक्ताला आत ठेवते, ऊन लागलं तर घाम सोडते आणि चिरली तर आपली आपण सांधते. असा कपडा कुठल्याही शिंप्याला जमणार नाही, असं तो बायकोला मुद्दाम ऐकवायचा, कारण बायको शिवणकाम करायची.

डोळे फसतात, तळवा फसत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. पण त्यासाठी तळवा मऊ राहावा लागतो. कारखान्यातले जुने पारखी घरी जड कामाला हात लावत नसत, आणि ही रीत लग्न झाल्यापासून पाळली ती त्याच्या बायकोने. गरम भांडं तिने उचलायचं, धुणं तिने पिळायचं, फरशी तिने घासायची. हा बसून पेपर वाचणार. शेजारणी त्याला राजेसाहेब म्हणून चिडवत. त्यावर ती म्हणे, "आमचं हातावर पोट आहे बाई, म्हणून हात जपते." स्वतःचे हात मात्र तिने कधी जपले नाहीत. सुयांनी टोचलेले, सोड्याने फाटलेले ते हात पारख्याने अंधारातसुद्धा ओळखले असते.

मग एक दिवस गच्चीवरून वाळलेले कपडे आणताना जिन्यावरून ती पडली. कपडे सोडले असते तर कठडा धरता आला असता, पण धुतलेले कपडे खाली टाकणाऱ्यांतली ती नव्हती. कण्याला मार लागला. कमरेखालचं हलेनासं झालं आणि बरगड्यांपासून खाली जाणवायचंही थांबलं. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की चालणं विसरा, पण बसता येईल, आणि बसता येणं हे काही थोडं नाही.

तिने ते शब्दशः घेतलं. चाकांची खुर्ची खिडकीला लावून घेतली. पायाने चालवायच्या मशीनला पारख्याने हाताचं चाक बसवून आणलं. शेजारणी खिडकीतून कपडे आत द्यायच्या, कुणाची चेन तुटलेली, कुणाच्या झग्याची शिवण उसवलेली, आणि त्याबरोबर गल्लीतल्या बातम्याही द्यायच्या. "बसते आहे ना, मग मी पडलेली नाही," असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. त्या खुर्चीत ती पूर्वीची बाई होती. खुर्ची गेली तर तिच्याजवळ काही उरणार नव्हतं, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि म्हणूनच ते कुणी बोलत नव्हतं.

घरातली कामं आता पारख्याकडे आली. कामावर जाण्याआधी आणि आल्यानंतर तो चादरी उकळत्या पाण्यात टाकायचा, सोडा घालून घासायचा, पिळायचा. भांडी घासायचा. पहिल्यांदा तिचं अंग पुसलं तेव्हा ती संकोचून म्हणाली, "माझ्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी हे फिटायचं नाही हो." त्यावर हा धंद्याचा माणूस गंभीरपणे म्हणाला, "नको. माणसाचं कातडं पातळ असतं. आठवडाभर टिकायचे नाहीत." ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत येईल तिला तिने हे ऐकवलं.

अंग पुसतानाच एकदा त्याला माकडहाडाजवळ लाली दिसली. शाळा उघडण्याचे दिवस होते, खिडकीशी गणवेशांची रांग लागली होती आणि ती सकाळची बसलेली संध्याकाळपर्यंत खुर्चीतच असायची. मधूनमधून दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचलायचं, असं इस्पितळात शिकवलं होतं, पण शिवणात डोकं घातलं की तिला कसली आठवण राहणार. पारख्याने त्या जागेवर तळवा ठेवला. जागा त्याला गार वाटली, मऊ वाटली. काही नाही म्हणाला. तरी काळजी म्हणून रोज चोळायला लागला. तेल साधंच होतं, चोळण्याची पद्धत कारखान्यातली होती. ताठरलेलं चामडं मऊ करायला तळव्याची टाच रोवून गोल गोल चोळतात, तसं. चोळून झालं की पुन्हा तळवा ठेवायचा आणि तिला सांगायचा, गार आहे, छान आहे. तिला काहीच कळत नसल्यामुळे तिने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

सिस्टरने त्याला दाराशी नेऊन समजावलं. हाड आणि खुर्ची यांच्यामध्ये मांस चेंगरतं, त्याला रक्त मिळत नाही, ते आतून मरायला लागतं. वरची कातडी सगळ्यात शेवटी सांगते. चोळलं की आत जे थोडं तग धरून असतं तेही तुटतं. "आपण झोपेत कूस बदलतो ना काका, ते आपल्याला कोण सांगतं? कातडीच सांगते. काकूंची कातडीसुद्धा ओरडत असेल, पण तिचा निरोप वर पोचत नाही." मग ती म्हणाली की ही चूक खूप जण करतात. पारख्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

पुढच्याच आठवड्यात ती जागा फुटली. वरून शर्टाच्या गुंडीएवढं भोक, पण सिस्टरने औषधाची पट्टी आत सरकवायला घेतली तेव्हा ती जातच राहिली. अशी कातडी पारख्याने टेबलावर पुष्कळ पाहिली होती. मीठ लावायला उशीर झाला की केसांकडून ती छान दिसते आणि आतून सडलेली असते. संशय आला की तो उलटून मांसाकडची बाजू बघायचा आणि तिसरी म्हणून ढिगावर टाकायचा. मेलेली कातडी उलटून बघता येते. जिवंत माणसाची उलटून बघायची सोय नाही, आणि बाजूला टाकायचीही नाही.

आता पालथं निजायचं. बसायचं नाही, जखम भरेपर्यंत अजिबात नाही. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. पुन्हा बसता येईल का, असं पारख्याने विचारलं तर ते म्हणाले की बघू. त्याने मशीनवर जुनी चादर घातली आणि खुर्ची दुमडून कपाटामागे ठेवली, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. ती पालथी होती, तिच्या नजरेला खिडकीची खालची चौकट सोडून काही पडतच नव्हतं. सिस्टर आली की तो दर वेळी विचारायचा, थोडी भरली का, आणि पलंगावरून उशीत दबलेला आवाज यायचा, "पी हळद नि हो गोरी, असं नसतं हो ते."

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं कारखान्यात झालं. मुकादमाने त्याला कमावलेल्या मालाच्या खोलीत बोलावलं. मुकादमाची गेंड्याची कातडी आहे असं सगळा कारखाना म्हणायचा, पण त्या दिवशी त्याने आधी दार लोटून घेतलं. समोर चामडी टांगली होती. पाठीवर ऐन मोक्याच्या जागी बारीक बारीक भोकं, चाळणीसारखी. जिवंतपणी जनावराच्या पाठीत अळ्या शिरतात, त्यांची. कच्च्या कातडीत त्या जागी मोहरीएवढ्या गाठी लागतात. हा सगळा माल पारख्याने पहिली प्रत म्हणून सोडला होता.

मुकादमाने एक कच्ची कातडी पसरली आणि म्हणाला, "बघा बरं."

पारख्याने तळवा फिरवला. काही लागलं नाही. पुन्हा फिरवला. कुणीतरी दुसऱ्याच माणसाने हात फिरवून त्याला नंतर सांगावं, तसं वाटलं. त्याने तळवा उजेडात धरून पाहिला. सोड्याने आणि गरम पाण्याने त्याला घट्टे पडले होते, भेगा पडल्या होत्या. अगदी तिच्या हातांसारखा दिसत होता तो. मग मुकादमासमोर त्याने एक विचित्र गोष्ट केली. तो वाकला आणि त्या खारट, ओल्या कातडीवर त्याने आपला गाल टेकवला. गालाला एकेक गाठ लागली.

त्याला माल आठवला नाही. त्याला तिच्या माकडहाडाजवळची ती जागा आठवली, जिच्यावर रोज हात ठेवून तो गार आहे, मऊ आहे म्हणत आला होता. ती गार नसणार. ती तापलेली असणार, आत दगडासारखी घट्ट असणार. शिकाऊ पारख्यालाही कळलं असतं. मुकादम सांगत होता की नोकरी जाणार नाही, मिठाच्या कोठीवर काम देतो, बसून करायचं आहे. बसून हा शब्द तेवढा पारख्याला ऐकू आला.

तो भर दुपारी घरी आला. चप्पल काढली, हात धुतले आणि पलंगाशेजारी स्टुलावर बसला. खिडकीच्या चौकटीवर कुणीतरी चेन तुटलेली एक पँट ठेवून गेलं होतं. गल्लीत अजून सगळ्यांना कळलं नव्हतं, किंवा कळूनही ठेवली असेल.

"आज लवकर?" तिने मान न वळवता विचारलं.

"टेबलावरून काढलं मला."

"का?"

"हात गेले," तो म्हणाला.

ती म्हणाली, "एवढे जपले होते मी."

आता सांगितलं नाही तर कधीच सांगवणार नाही, हे त्याला कळलं. "तुला चोळत होतो ना, तेव्हाच गेलेले होते. ती जागा गरम असणार गं. मला कळलंच नाही. मी आपला गार आहे म्हणून सांगत राहिलो."

तिचा एक डोळा तेवढा त्याला दिसत होता, तो खिडकीकडे होता. "तुम्हाला कळलं नाही, मला कळलं नाही," ती हळूच म्हणाली. "जोडी छान जमली की आपली."

हा विनोद होता आणि नेहमीसारखं हसायला हवं होतं. पारख्याला रडू आलं. आवाज न करता तो रडला. इतक्या वर्षांत किती कातड्या त्याने बघितल्या, किती ढिगांवर टाकल्या, आणि हाताशी असलेली ही एक त्याला राखता आली नव्हती. आता भरून यायचं की नाही ते ती कातडीच ठरवणार होती, आणि तो काहीही करू शकत नव्हता.

"हात ठेवा ना जरा," ती म्हणाली.

त्याचा हात तिच्या अंगावरच होता. मघापासून होता, कमरेवर, पट्टीच्या जरा वर. ते त्याने तिला सांगितलं नाही. हात न उचलता त्याने तो सावकाश वर सरकवला. एक बरगडी, मग दुसरी. ती वाट बघत होती. आणखी थोडा वर गेला तेव्हा तिच्या पाठीवर काटा उभा राहिला.

"हं. आला," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "किती खरखरीत झालाय हो."

तो हात काढून घेऊ लागला.

"राहू दे," ती म्हणाली.

खिडकीशी सावली पडली. शेजारीण बाहेरूनच विचारत होती, "काकू, चेन झाली का लावून?"

तिने उशीतून मान जेवढी उचलता येईल तेवढी उचलली. पाठीवरचा हात तिथेच होता.

"उद्या या," ती म्हणाली.